लाईट मीटर सापडेना, सूर्य बुडत होता.. तरी या गड्याने एका झटक्यात चंद्राचा फेमस फोटो काढला

कोजागिरीला मसाला दुधाचा ग्लास हातात आला की निम्मी गँग मोबाईल काढून चंद्राचा फोटो काढते. फोटोत येतो काय, तर पांढरा ठिपका. कारण साधं आहे. आजूबाजूचा अंधार बघून कॅमेरा जास्त उजेड आत घेतो आणि चंद्र पार पांढराफटक होतो.

पण एका माणसाला चंद्राचा उजेड आकड्यात पाठ होता. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स.

जन्म १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९०६ च्या भूकंपानंतरच्या एका धक्क्यात चार वर्षांचं हे पोरगं पडलं आणि त्याचं नाक मोडलं, ते कायमचं वाकडंच राहिलं. शाळेत जीव रमेना म्हणून वडिलांनी घरीच शिकवायचं ठरवलं. खरं तर गड्याला व्हायचं होतं पियानोवादक. पण १९१६ साली घरच्यांसोबत योसेमिटीच्या डोंगरांत गेला, तिथे आईवडिलांनी कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी कॅमेरा हातात दिला आणि पियानो हळूहळू मागे पडला.

१९३२ मध्ये त्याने मित्रांसोबत फोटोग्राफर्सचा एक ग्रुप काढला. नाव काय ठेवलं? एफ/६४. हे अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्समधल्या भोकाचं माप आहे. नवशिक्यांचा इथेच घोळ होतो, कारण आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. भोक लहान केलं की जवळचं-लांबचं सगळं शार्प येतं, पण उजेड कमी मिळतो. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं.

आता येऊया त्या संध्याकाळी.

साल १९४१. न्यू मेक्सिकोमध्ये दिवसभर फिरूनही मनासारखा फोटो मिळाला नव्हता. मुलगा आणि एका मित्रासोबत अ‍ॅडम्स गाडीने परत निघाला होता. हर्नांडेझ गावाजवळ त्याला दिसलं की डोंगरांवर चंद्र वर आलाय आणि बुडत्या सूर्याच्या उजेडात कब्रस्तानातले पांढरे क्रॉस चमकतायत. गाडी थांबवून त्याने धावपळ करत भलामोठा कॅमेरा उभा केला. पण उजेड मोजायचा मीटर काही केल्या सापडेना.

मग डोक्यातलं गणित कामाला आलं. चंद्राचा उजेड दर चौरस फुटाला २५० कँडल. फिल्मचा स्पीड ६४, त्याचं वर्गमूळ ८. म्हणजे एफ/८ वर सेकंदाचा २५० वा भाग दिला तर चंद्र करडा येणार. त्याला तो उजळ हवा होता, म्हणून दोन पायऱ्या वर, साधारण १/६० सेकंद. लेन्सवरचा फिल्टर उजेड तिपटीने कमी करायचा, म्हणून १/२०. पण कब्रस्तानापासून डोंगरांपर्यंत सगळं शार्प हवं, तर एफ/३२ लागणार. एफ/८ पासून तिथपर्यंत चार पायऱ्या आणि दर पायरीला उजेड निम्मा, म्हणजे सोळापट वेळ. हिशोब आला एका सेकंदाच्या जरा आत. त्याने एक सेकंद दिला.

लगेच दुसरा फोटो घ्यायला गेला, तोवर क्रॉसवरचं ऊन गेलं. हातात राहिली एकच निगेटिव्ह.

तीही सरळ नव्हती. जमिनीचा भाग फिका आला होता. पुढे कित्येक वर्षं डार्करूममध्ये तो तिच्याशी झटत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या पुसट रेघा दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळपास काळंकुट्ट आहे. म्हणजे आपण ज्याला आज एडिटिंग म्हणून नावं ठेवतो, ते काम हा माणूस हाताने करत होता.

गंमत म्हणजे सेकंदाचा हिशोब पक्का ठेवणाऱ्या या गड्याला फोटोची तारीख काही आठवायची नाही. दर वेळी वेगळंच साल सांगायचा. शेवटी खगोल अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं. एकदा उत्तर ३१ ऑक्टोबर आलं, ते चुकलं. १९९१ मध्ये पक्कं झालं, १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं. तोवर अ‍ॅडम्सला जाऊन सात वर्षं झाली होती.