नाव बदललं, गादी मिळाली, रेषा मात्र त्याच: शाहू महाराज आणि रयतेचा अंगठा

कोल्हापुरातून कसबा बावड्याकडे जाताना लक्ष्मी विलास पॅलेस लागतो. २६ जून १८७४ रोजी इथे कागलकर घाटग्यांच्या घरी यशवंतरावांचा जन्म झाला. १७ मार्च १८८४ ला आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि यशवंतरावांचे शाहू महाराज झाले. नाव बदललं, घराणं बदललं. बोटांवरच्या रेषा मात्र जन्माआधीच पक्क्या झाल्या होत्या.

या रेषा बनतात कशा? गर्भ साधारण १० आठवड्यांचा झाला की बोटांच्या टोकांच्या कातडीत बारीक उंचवटे उठू लागतात. बोटाच्या मधोमध, नखाच्या बाजूला आणि पेराच्या घडीजवळ अशा तीन ठिकाणांहून ते लाटांसारखे पसरतात. लाटा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे नक्षी ठरते. आपण तिलाच शंख, चक्र म्हणतो. या वाढीतले बारीकसारीक फरक प्रत्येक बोटाचे वेगळे, म्हणून जुळ्यांचे ठसेही जुळत नाहीत. कष्टाने रेषा झिजल्या तरी मूळ नक्षी कातडीच्या खालच्या थरात असते. हाताला आराम मिळाला की ती पुन्हा वर येते.

उपयोग म्हणाल तर पकड आणि स्पर्श. या उंचवट्यांवरच घामाची छिद्रं असतात. थोडा ओलावा पकड घट्ट करतो, जास्तीचा घाम खाचांतून निघून जातो. स्वतः कुस्ती खेळलेल्या आणि खासबाग मैदान उभारणाऱ्या महाराजांना पकडीचं मोल वेगळं सांगायला नको होतं!

पण त्या काळात ठशांचा कारभार वेगळाच होता. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं खास कार्यालय निघालं. १९११ च्या कायद्याने तर 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या लोकांचे ठसे घ्यायची मुभा सरकारला दिली. गुन्हा केलेला असो वा नसो, त्या जमातीत जन्म झाला एवढं पुरे.

कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज हजेरी द्यावी लागे. कामधंद्यासाठी परगावी जाणंही अवघड. १८९४ ला गादीवर आलेल्या महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरीच बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी जवळ करून कामाला लावलं.

दुसरा अंगठा सावकाराच्या कागदावरचा. वर काय लिहिलंय हे न कळताच उमटवलेला. त्यावर महाराजांचा उपाय होता शाळा. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. त्या काळात ही रक्कम चांगलीच झोंबणारी होती.

पुढे जेमतेम पाच वर्षं त्यांच्या हाती होती. ६ मे १९२२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा वय अवघं ४७ होतं.