यशवंत घाडगे यांचे पदक

कोकणातील माणगाव तालुक्यात पळसगाव नावाचे गाव आहे. हा भाग आज रायगड जिल्ह्यात मोडतो. पूर्वी या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तेथे यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या शेतीवर घर चालेना, म्हणून कोकणातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत अथवा पलटणीत जात. यशवंतही मराठा पलटणीत दाखल झाले आणि नाईकाच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. देश पारतंत्र्यात होता आणि युद्धात उतरताना भारतीयांचे मत कोणी विचारले नव्हते. तरीही सुमारे २५ लाख भारतीय त्या सैन्यात होते.

१० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीच्या एका तुकडीने जर्मन ठाण्यावर चढाई केली. अगदी जवळून मशीनगन धडाडू लागली. यशवंतांच्या हाताखालचे सर्व जवान मृत वा जखमी होऊन पडले. उरले ते एकटे. क्षणाचाही विलंब न लावता ते ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन व ती चालवणारा, दोघांनाही गारद केले. दुसऱ्या शत्रुसैनिकाला गोळी घातली. बंदूक पुन्हा भरायला सवड नव्हती. तेव्हा तिची नळी हातात धरून दस्त्याच्या प्रहारांनी त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस वर्षांचे.

त्यांची समाधी कोठे आहे हे ज्ञात नाही. अशा सुमारे चार हजार सैनिकांची नावे इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत यशवंतांचे नाव आहे.

घरी आले ते एक पदक. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते व्हिक्टोरिया क्रॉस स्वीकारला. हा ब्रिटिश सैन्यातील शौर्याचा सर्वोच्च सन्मान. पण पदक सोन्याचे नसते, साध्या काशाचे असते, वर गडद तांबडी फीत. त्याच्या मागील बाजूस वीराचे नाव आणि पराक्रमाचा दिवस कोरतात. यशवंतांच्या बाबतीत पराक्रमाचा दिवस आणि मृत्यूचा दिवस एकच. त्याआधीची बावीस वर्षे पदकावर मावत नाहीत. ती लक्ष्मीबाईंसारख्या घरच्या माणसांनाच ठाऊक. त्या दिवशी त्यांच्या शेजारी पडलेल्या जवानांच्या घरी तर असे पदकही गेले नाही.

माणगावात यशवंतांचा पुतळा आहे. इटलीतील मोंतोने येथे २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारक उभारण्यात आले. ते आहे सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारे घड्याळ.