सही कोणाची, हात कोणाचे

नोकरीत असताना बँकेच्या तपासणीसाठी एकदा कोलकात्याला गेलो होतो. रविवार मोकळा मिळाला म्हणून हुगळी ओलांडून शिबपूरचे वनस्पती उद्यान गाठले. तिथल्या विस्तीर्ण वडाकडे सगळेच धावतात, तसा मीही धावलो. परतताना एका झाडावरच्या पाटीने मात्र थांबवले. शास्त्रीय नावाच्या शेवटी ‘रॉक्सब.’ अशी अक्षरे होती. पुढे कळले, ती नाव देणाऱ्याची सही. आपल्या सह्याद्रीतल्या शिसव, बिबला, कुंभा यांच्या शास्त्रीय नावांपुढेही तीच सही आहे.

विल्यम रॉक्सबर्ग १७५१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले आणि १७७६ साली ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर म्हणून मद्रासला आले. पुढे आंध्रातल्या समालकोटला त्यांनी मिरी, कॉफी, नीळ लावून पाहिली. कंपनीला हवा होता नफा. तो हिशेब सांभाळून हा माणूस रानातली झाडे टिपत राहिला. १७८७ च्या वादळात समुद्र आत शिरला आणि त्यांचा ग्रंथसंग्रह, वाळवून ठेवलेली रोपे, टिपणे, सारे गेले. पस्तिशी उलटलेल्या माणसाने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

१७९३ साली ते कोलकात्याच्या उद्यानाचे प्रमुख झाले. हाताशी आली तेव्हा तिथे सुमारे तीनशे जातींची झाडे होती; १८१४ सालच्या यादीत ती संख्या साडेतीन हजारांच्या घरात गेली. भारतीय चित्रकारांकडून त्यांनी अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची चित्रे काढून घेतली. प्रत्येकाच्या दोन प्रती: एक उद्यानात, दुसरी लंडनला. बँकेत आयुष्य काढलेल्या मला यात वादळाची आठवण दिसते. ज्याचे दप्तर एकदा वाहून गेले, तो नक्कल ठेवायला विसरत नाही. लंडनला गेलेली चित्रे आज तिथल्या क्यू उद्यानात आहेत.

प्रकृती ढासळल्याने १८१३ साली त्यांनी भारत सोडला. हस्तलिखित मात्र श्रीरामपूरच्या विल्यम कॅरींपाशी ठेवले. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे ते हेच कॅरी; कुंभ्याचे शास्त्रीय नाव रॉक्सबर्ग यांनी त्यांच्यावरूनच ठेवले होते. १८१५ साली एडिंबरोला रॉक्सबर्ग वारले. ‘फ्लोरा इंडिका’ हा त्यांचा ग्रंथ संपूर्ण तीन खंडांत निघाला तो १८३२ साली. मित्राची ठेव कॅरींनी सव्याज परत केली.

एक नोंद मात्र मला अजून टोचते. बँकेत साधे व्हाउचरसुद्धा करणाऱ्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नसे. त्या चित्रांवर क्रमांक आहेत; पानाची शीर न् शीर रंगवणाऱ्या आपल्या माणसांची नावे बहुतेक ठिकाणी नाहीत. त्यांच्या हातांवाचून ‘रॉक्सब.’ ही सही इतकी पक्की उमटली नसती.

फाल्गुन-चैत्रात घाटात गेलात, तर कुंभ्याखाली पहाटे गळलेली फुले दिसतील. एखादे उचलून पाहा. सही रॉक्सबर्ग यांची आहेच. क्षणभर त्या निनावी चिताऱ्यांनाही आठवा.