लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रनिर्माते व उद्योजक होते. भारतीय बनावटीचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणारे कारखानदार आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे संस्थापक म्हणून ते ओळखले जातात. एका गावातील दोन भावांच्या दुकानाचे त्यांच्या हयातीतच एजंटांमार्फत दूरवर माल विकणाऱ्या उद्योगसमूहात रूपांतर झाले. त्यांच्या चरित्रात नांगराच्या निर्मितीला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे तो विकण्याच्या या व्यवस्थेला सहसा दिले जात नाही.

सुरुवातीचे जीवन

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही गाव हेच. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणरावांना शालेय अभ्यासापेक्षा चित्रकलेची आणि यंत्रांची ओढ अधिक होती. ती ओळखून थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी त्यांना पाठबळ दिले आणि ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना काही रंगांमधील भेद नीट कळत नसल्याचे लक्षात आले. चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाल्यावर त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते याच विषयाचे शिक्षक झाले. संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रे आणि अमेरिकन तांत्रिक नियतकालिके यांवरच त्यांचे पुढचे शिक्षण झाले. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

सायकलचे दुकान

बेळगावात त्यांची वाट पाहणारा एक व्यवसाय आधीच उभा होता. मुंबईत असतानाच त्यांनी रामूअण्णांबरोबर सायकल विक्रीला सुरुवात केली होती. १८८८ हे ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचे प्रारंभवर्ष मानले जाते. लक्ष्मणराव मुंबईहून परदेशी सायकली खरेदी करून पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकत. सायकल हे वाहन तेव्हा इतके नवे होते की ग्राहकाला ते चालवायलाही शिकवावे लागे. रामूअण्णा हे शिक्षण देत व त्याची वेगळी फी घेत.

या दुकानाकडे उमेदवारीचा किरकोळ उद्योग म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. पुढे स्वतःच्या मालासाठी विक्रेते नेमण्याची वेळ आली, तेव्हा दुसऱ्याचा माल विकताना विक्रेत्याला काय काय निस्तरावे लागते, हे किर्लोस्कर बंधूंना अनुभवाने ठाऊक होते. भांडवल अडकणे, सुटे भाग वेळेवर न मिळणे, अपरिचित वस्तू समजावून सांगण्यात दिवस जाणे, हे सारे त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले होते.

नांगर

बेळगावच्या छोट्या कर्मशाळेत लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यापाठोपाठ १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतील काळ्या, खोल जमिनीत हराळी व कुंदा यांसारख्या तणांची मुळे फार खाली जातात. लाकडी नांगराने ती उखडत नाहीत. विलायती लोखंडी नांगर बाजारात मिळत, पण ते महाग होते.

वस्तू गरजेची असली तरी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत होता आणि पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. हा समज अडाणीपणाचा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. मात्र एका हंगामावर वर्षाचे पोट अवलंबून असलेल्या कुटुंबाने अनोळखी अवजार वावरात घालण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, यात नवल नव्हते. दुकानात मांडलेला नांगर काहीच सिद्ध करत नव्हता. तो ओळखीच्या कोणाच्या तरी शेतात चालताना दिसणे आवश्यक होते. सायकलच्या बाबतीत जे काम रामूअण्णांनी एका गावात केले, ते आता अनेक तालुक्यांत व्हायला हवे होते आणि तेवढ्या ठिकाणी दोघे भाऊ पोहोचू शकत नव्हते.

किर्लोस्करवाडी

दरम्यान बेळगाव नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे कर्मशाळेची जागा सोडावी लागली. त्या अडचणीच्या काळात औंध संस्थानात एका मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे आले आणि तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी सुमारे २५ कामगार व त्यांच्या कुटुंबांसह लक्ष्मणराव या निवडुंगाच्या माळावर राहायला आले. आज हा भाग सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात मोडतो आणि स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असेच झाले आहे.

वसाहतीची आखणी व व्यवस्था रामूअण्णांकडे होती. शंभूराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडलेले पण कल्पक यंत्रज्ञ ठरलेले अनंतराव फळणीकर असे सहकारी लक्ष्मणरावांनी जमवले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या दोघांना त्यांनी वसाहतीचे रखवालदार नेमले आणि ती नेमणूक त्यांनी सार्थ केली. अस्पृश्यता पाळण्यास वसाहतीत बंदी होती.

पहिल्या महायुद्धात आयात मंदावली. विलायती नांगरांची स्पर्धा त्यामुळे कमी झाली, परंतु कच्चे लोखंडही मिळेनासे झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, ही हकिकत याच काळातील आहे.

एजंटांचे जाळे आणि ‘किर्लोस्कर खबर’

कारखाना आडबाजूला असल्याने माल गिऱ्हाइकापर्यंत नेणे भागच होते. रेल्वे स्थानक लागून असल्यामुळे नांगर पाठवणे सोपे झाले, मात्र पलीकडच्या टोकाला तो उतरवून घेणारा, दाखवणारा आणि त्याची हमी वाटावी असा माणूस हवा होता. ही जागा ठिकठिकाणच्या एजंटांनी भरली. आजच्या अर्थाने ही फ्रँचायझी नव्हती. फ्रँचायझीत मूळ उद्योग आपले नाव, कार्यपद्धती आणि दुकानाचा साचा मोबदला घेऊन दुसऱ्याला वापरायला देतो. एजन्सीत विक्रेता आपल्या पेढीवर कारखान्याचा माल ठेवतो आणि विक्रीवर कमिशन मिळवतो. अमेरिकेत सिंगर कंपनीने शिवणयंत्रांसाठी एकोणिसाव्या शतकात असेच एजंट नेमले होते आणि फ्रँचायझीच्या इतिहासाचा आरंभ अनेकदा तेथूनच सांगितला जातो.

दोन्हींचे मर्म मात्र एकच असते: दूरच्या, स्वतंत्र माणसाच्या हाती आपले नाव सोपवणे. नांगराच्या व्यवहारात हा प्रश्न फाळापाशी येऊन ठेपत असे. फाळ हा जमिनीत घुसणारा, झिजणारा भाग. तो मऊ निघाला किंवा ऐन नांगरटीत बदली फाळ मिळाला नाही, तर उभा नांगर निरुपयोगी ठरे आणि दोष एजंटाला नव्हे, तर नांगरावरच्या नावाला लागे. उलट, जवळच्या बाजारपेठेत फाळ हमखास मिळू लागला की एकदा नांगर घेतलेला शेतकरी वर्षानुवर्षे त्याच दुकानाची पायरी चढे. त्यामुळे मालाचा एकसारखा दर्जा हा लक्ष्मणरावांच्या कारागिरीचा अभिमान तर होताच, पण एवढ्या लांबून कारखान्याच्या हाती असलेले ते नियंत्रणाचे मुख्य साधनही होते.

१५ जानेवारी १९२० रोजी ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी बंधू डॉ. वासुदेवराव यांचे चिरंजीव शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. शंकररावांकडे कंपनीची जाहिरात व विक्री होती. विखुरलेले ग्राहक व एजंट यांच्याशी कारखान्याचा संबंध राखणे, नव्या मालाची माहिती देणे, हा या पत्राचा मूळ हेतू. शंकररावांनी त्यात उद्योग, समाजसुधारणा व साहित्य यांना जागा दिली आणि पाहता पाहता ते ‘किर्लोस्कर’ मासिक या नावाने महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत वाचले जाऊ लागले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडे नंतरची. नांगर विकण्यासाठी काढलेल्या पत्रकातून विचारप्रवर्तक मासिक जन्माला यावे, असे उदाहरण मराठीत दुसरे सहज आठवत नाही.

मंदी, पंप आणि विस्तार

नांगरावर मिळालेले यश कायमचे नव्हते. साताऱ्याजवळ कूपर यांचा कारखाना स्पर्धेत उतरला होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याची खरेदीच थांबली. विक्रीचे जाळे कितीही पसरलेले असले तरी त्याच्या टोकाशी असलेल्या माणसाच्या हाती पैसा नसेल, तर ते रिकामे राहते. एकाच प्रकारच्या ग्राहकावर विसंबण्याचा हा धोका होता. कारखान्याने लोखंडी फर्निचरसारखी शेतीबाहेरची उत्पादने हाती घेतली. उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रेही तेथे तयार होत.

पंपांची निर्मिती १९२६ पासून सुरू झाली होती. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून अभियंता होऊन परतले. पंपाने विक्रेत्याचे कामही बदलले. नांगर बैल जोडून दाखवता येत होता. पंपासाठी विहिरीची खोली, पाण्याची पातळी, नळाचा व्यास यांचा हिशेब करावा लागतो आणि बसवणी चुकली तर उत्तम पंपही पाणी खेचत नाही. दुकानदाराइतकाच जाणकार फिटरही आता महत्त्वाचा ठरला.

पुढचा विस्तार एकाच वाडीत न होता स्वतंत्र कंपन्यांच्या रूपाने झाला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रहत्यारांची कंपनी निघाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. यांची धुरा प्रामुख्याने पुढच्या पिढीकडे होती.

अखेरची वर्षे

महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत, फेब्रुवारी १९४८ च्या आरंभी, जमावाने किर्लोस्करवाडीवर हल्ला करून कारखान्याला आग लावली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारण्यात आला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. किर्लोस्करवाडी येथील कारखान्यात आजही पंपांची निर्मिती होते.