आजीचा डोळा आणि बर्लिनचा डॉक्टर

सेकंड इयरच्या दिवाळीत मी केज तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. एका रात्री आजीचं डोकं भयंकर दुखायला लागलं. उलट्या झाल्या, एक डोळा लालभडक झाला. पित्त असेल म्हणून आम्ही कपाळाला सुंठ उगाळून लावली आणि दोन दिवस घालवले. अंबाजोगाईला नेलं तेव्हा कळलं, हा काचबिंदूचा झटका! डोळ्यातलं प्रेशर एकदम वाढलं होतं. औषधांनी आधी ते उतरवलं, मग लेसरने आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, बारीक छिद्र पाडलं. खबरदारी म्हणून दुसऱ्या डोळ्यालाही. ना टाका, ना पट्टी. ही आयडिया मुळात कुणाची, ते शोधताना मला आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे सापडला.

ग्रेफे जन्मला बर्लिनला, २२ मे १८२८ रोजी. वडील नावाजलेले सर्जन, पण पोरगा बारा वर्षांचा असतानाच ते गेले. डॉक्टर झाल्यावर तो प्राग, पॅरिस, व्हिएन्ना, लंडन असा शिकत फिरला. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झचं डोळ्याच्या आत बघायचं यंत्र जगापुढे आलं, ते ग्रेफेने लगेच हाती घेतलं. बर्लिनमध्ये स्वतःचा दवाखाना काढला, तिथे गरिबांवर फुकट उपचार केले. १८५४ मध्ये नेत्रशास्त्राचं नियतकालिक सुरू केलं, ते त्याच्या नावाने आजही निघतं.

काचबिंदूने दृष्टी जाणारच, असं तेव्हा सगळे धरून चालत. ग्रेफेने आयरिसचा छोटा तुकडा कापून काढला आणि प्रेशर उतरलं! १८५७ मध्ये त्याने हे जाहीर केलं, तेव्हा तो फक्त २९ वर्षांचा होता. प्रेशर नेमकं का उतरतं, ते मात्र पुढच्या पिढ्यांनी उलगडलं. फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. डोळ्यातलं पाणी आयरिसच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कडेच्या कोनातून निचरा होतं. बाहुलीपाशी वाट अडली की मागचं प्रेशर आयरिसला पुढे ढकलतं आणि तो कोनच बंद होतो. छिद्र म्हणजे बायपास. काचबिंदूच्या सगळ्याच प्रकारांना हा उपाय चालत नाही, पण अशा झटक्यात तो डोळा वाचवतो. १९६० मध्ये पहिला लेसर तयार झाला आणि पुढे ग्रेफेच्या सुरीचं काम प्रकाशाने उचललं.

२० जुलै १८७० रोजी क्षयाने ग्रेफे गेला. वय अवघं ४२.

आजीचा दुसरा डोळा शाबूत आहे. पहिल्याने तिला माझा चेहरा ओळखू येत नाही. आम्ही घालवलेले ते दोन दिवस कुठलाच लेसर परत देत नाही. म्हणून सांगतो, सुट्टीत घरी गेल्यावर कुणा म्हाताऱ्या माणसाचा डोळा लाल होऊन ठणकायला लागला, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तर सुंठ शोधत बसू नका. त्याच रात्री गाडी काढा.