पंडिता रमाबाईंनी नाकारलेले दुसरे जू

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की सनातनी मंडळी आजही एकच विचारतात, बाई बाटली कशाला? हा प्रश्न आम्हा नागपूरकरांच्या ओळखीचा आहे. १९५६ नंतर तो आमच्या बापजाद्यांनाही विचारला गेला. म्हणून बाईंनी काय स्वीकारले आणि काय धुडकावले, हे आम्ही तपासले.

जन्म १८५८ चा. आईबाप दुष्काळात उपासमारीने गेले. १८७८ साली कलकत्त्याने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण ज्या शास्त्रांसाठी हा गौरव, तीच शास्त्रे स्त्रीला आणि शूद्राला मोक्ष नाकारत होती. १८८० मध्ये त्यांनी शूद्र गणल्या गेलेल्या जातीतील वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी विवाह केला. दोन वर्षांत वैधव्य.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने ‘पतित’ म्हणून फेकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी फुलहॅमच्या आश्रमात माणूस म्हणून उभे करीत होत्या. असे का करता, या प्रश्नावर रमाबाईंना शोमरोनी स्त्रीची कथा ऐकायला मिळाली. तिच्या जमातीचा यहुदी विटाळ मानीत. येशू विहिरीवर तिच्याकडेच पाणी मागतो. चवदार तळ्याच्या वारसांना या कथेचा अर्थ आम्ही काय सांगावा! स्त्रीलाही मुक्तीची आशा आहे, हे बाईंना येथे कळले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि लगेच भांडण जुंपले. पहिल्या शतकात पौल गलतीकरांना कर्मकांडाच्या जुवाखाली जाऊ नका म्हणून बजावत होता. पण इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेपासून पुढे धर्ममंडळाने श्रद्धेचे मसुदे बांधले. अथनेशियसच्या नावावर चालणारा, प्रत्यक्षात त्याच्या नंतरचा मतांगीकार तर त्रैक्य न मानणाऱ्याला सरळ नाशाची शिक्षा फर्मावतो. अँग्लिकन उपासनेत तो म्हटला जाई. रमाबाईंनी तो मानायला नकार दिला. सिस्टर जेराल्डाईन आज्ञापालन शिकवू लागल्या, बिशप मंडळींनी त्यांच्या पुरुषांना शिकवण्यावर हरकत घेतली. बाईंनी कळवले की ब्राह्मण पुरोहितांचे जू महाकष्टाने झुगारल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे जू मी मानेवर घेणार नाही. आमच्या घटनेच्या कलम २५ मधले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य ते हेच. फरक एवढाच की बाईंच्या पाठीशी कोणतेही कलम नव्हते.

महाराष्ट्रात त्यांच्या बाजूने उभे राहिले जोतीराव फुले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी या धर्मांतराचे समर्थन केले. पुढे टिळकांच्या ‘केसरी’ने शारदा सदनावर तोफ डागली, ते वेगळे प्रकरण.

बाईंचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. १८८९ चे सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८९१ नंतरची त्यांची भाविकताही आम्हा बुद्धिवाद्यांना मानवत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आमच्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात जात विचारली गेली नाही. तेथेच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सारे बायबल साध्या मराठीत आणले. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या त्या आश्रमातल्याच बाया. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते.