रमाबाईंची झोळी

मार्गशीर्ष पौर्णिमेचा सूर्य मावळतीला झुकला, की घरोघरी दत्तजन्माचा पाळणा हलू लागतो. त्या त्रिमूर्तीचे ध्यान करताना आपली दृष्टी शंख, चक्र, त्रिशूळ यांवर खिळते. खांद्यावरील झोळीकडे ती क्षणभरच वळते. विश्वाचे भांडार ज्याचे, तोच दारोदार भिक्षा मागतो, यातील मर्म आम्ही आयुष्यभर कीर्तनातून सांगत आलो. गाणगापुरी भाविक पाच घरची माधुकरी मागतात, त्यांत धनवंतही असतात. तरीदेखील खरी अडचण आली म्हणजे आपल्यापैकी कितीजणांना शेजारच्या दारी जाऊन पसाभर पीठ मागण्याचे धैर्य होते? जवळपास याच दिवसांत ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. म्हणून आज आम्ही अशा एका विदुषीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, की जी पुराणिकाच्या घरी जन्मली, पुढे ख्रिस्ताला शरण गेली, आणि जिच्या आयुष्याला वळण देणाऱ्या प्रसंगांत एक प्रसंग न मागता आलेल्या भाकरीच्या तुकड्याचा होता. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि मोठे निष्ठावंत गृहस्थ. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले, म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवला. तरी ते डगमगले नाहीत. अरण्यातील त्यांच्या आश्रमात विद्यार्थी आणि यात्रेकरू येत, त्यांच्या आदरातिथ्यात होते नव्हते ते द्रव्य संपले, ऋण झाले. मग हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे आणि श्रोते जे फळ, फूल, धान्य, वस्त्र ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. मातेच्या मुखातून शिकत शिकत रमाबाईंनी बाराव्या वर्षापर्यंत पुराणांतील हजारो श्लोक कंठस्थ केले.

आम्ही स्वतः व्यासपीठावर बसणारे, म्हणून या वृत्तीचे तेज आम्ही जाणतो आणि तिच्यातील धोकाही जाणतो. पुराणिकाने मागायचे नसते. न मागता जे येईल ते प्रसाद म्हणून घ्यायचे, यालाच अयाचित वृत्ती म्हणतात. पण ही वृत्ती वैराग्यातून आली तरच ते व्रत. तिच्यात विद्येचा आणि कुळाचा ताठा मिसळला, की त्या व्रताचा फास होण्यास वेळ लागत नाही.

दक्षिणेत दुष्काळ पडला आणि डोंगरे कुटुंबावर तीच वेळ आली. श्रोते स्वतःच उपाशी, तेथे पोथीपुढे काय येणार? भांडी, दागिने, वस्त्रे विकली गेली. मजुरी करण्याचा सराव नाही आणि हात पसरण्यास मन धजत नाही, अशा स्थितीत हे कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात पाला खाऊन दिवस काढू लागले. वृद्ध, दृष्टिहीन झालेल्या अनंतशास्त्रींच्या मनात जलसमाधीचा विचार आला. तेव्हा पुत्र श्रीनिवास यांनी कुळाचा अभिमान सोडून पडेल ते काम करण्याची तयारी दाखविली. पण उशीर झाला होता. वडिलांनी थोड्याच दिवसांत देह ठेवला.

उरलेली माणसे रायचूरला पोहोचली. लक्ष्मीबाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. एके दिवशी भूक असह्य होऊन त्यांनी सोळा वर्षांच्या रमाबाईंना शेजारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागण्यास पाठविले. शेजारीण भली होती, गोड बोलली. परंतु हजारो श्लोक ज्या जिव्हेवर नाचत, तीवर मागण्याचा एक शब्द येईना. रमाबाईंनी डोळ्यांतील अश्रू मोठ्या निग्रहाने आवरले, तर ते नाकावाटे वाहू लागले. त्या माउलीने मुद्रा पाहूनच ओळखले आणि काही खायला हवे का, असे आपण होऊन विचारले. तेव्हा कोठे भाकरी मिळाली. आभाराचाही शब्द न फुटता ती मुलगी धावत आईकडे आली. पण आईला आता घास गिळवेना. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. खांदा देण्यास माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. तिरडीचा एक कोपरा रमाबाईंकडे आला. उंची कमी, म्हणून त्यांनी तो डोक्यावर पेलला.

वाचकहो, हा प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. तो वाचताना आम्हांस १९७२ च्या दुष्काळातील आमचे घर आठवते. आमचे वडीलही कीर्तनकार. आरतीचे तबक रिकामे परत येई आणि ते कोणापाशी चकार शब्द काढीत नसत. शेजारच्या एक आजी उसने पीठ परत करण्याच्या मिषाने पीठ आणून देत. आम्ही ते कधी उसने दिलेलेच नव्हते. त्या आजींनी आमच्या वडिलांचा मान राखला, हे खरे. पण त्या आल्या नसत्या तर त्या मानाची किंमत आम्ही लेकरांनी मोजली असती, हेही तितकेच खरे.

पुढे भगिनी कृष्णाबाईही गेल्या. बहीणभाऊ देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. १८८० साली श्रीनिवास गेले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी रमाबाईंचा विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी तेही पटकीने गेले. कन्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान दाखविले. या स्त्रियांची इतकी काळजी का, असे रमाबाईंना वाटले, तेव्हा एका भगिनीने येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा सांगितली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. असे असता प्रवासाने थकलेला येशू विहिरीवर आलेल्या त्या स्त्रीपाशी प्यायला पाणी मागतो, आणि तेथून तिच्या उद्धाराचा संवाद सुरू होतो. या कथेने रमाबाईंचे अंतःकरण हलले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते त्या कथेचा आरंभच ध्यानात घेण्याजोगा आहे. देणारा तेथे आधी याचक होऊन बसला आहे. झोळी घेतलेल्या दत्ताचे उपासक आपण. आपल्याला हे परके का वाटावे?

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. रायचूरला ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्या आता परक्या देशात सभेमागून सभेत उभ्या राहून बालविधवांसाठी निःसंकोच मागू लागल्या. १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्यास आल्यावर मुलींच्या धर्मांतरावरून मोठा वाद उठला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी त्याच्याशी असलेला संबंध सोडला. त्या वादाची सल आमच्या पूर्वजांना होती, ती आम्ही लपवीत नाही. पण पुढे जे घडले त्यापुढे हात जोडावेत असेच ते आहे.

१८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींची वार्ता आली, तेव्हा रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मागण्याचेही बळ न उरलेल्या मुलींना घेऊन आल्या. रायचूरच्या शेजारणीप्रमाणे त्यांनी मुद्रा पाहूनच भूक ओळखली. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या २,००० च्या घरात गेली. इतक्यांचे अन्न कोठून येणार? रमाबाई रोज देवापुढे मागत, आणि आश्रमाची गरज जगापासून लपवीतही नसत. देवापाशी मागणाऱ्याने माणसांपुढे सुखवस्तूपणाचे सोंग आणावे, असे त्यांनी कधी मानले नाही.

तेथे अंधांसाठीही घर होते. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्या घराचे नाव बार्तीमी सदन. बार्तीमय हा बायबलातील आंधळा भिकारी. येशू वाटेने जात असता त्याने दयेसाठी टाहो फोडला. लोकांनी त्याला गप्प बसण्यास दटावले, तर तो अधिकच ओरडला, आणि त्याला दृष्टी मिळाली. आईसाठी एक शब्द ज्यांना उच्चारता आला नाही, त्यांच्या आश्रमात असे नाव असावे, यात फार मोठा अर्थ भरला आहे.

रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आज दत्तजन्मानंतर प्रसाद वाटला जाईल. तो घेण्यासाठी आपण हात पुढे करतो, तेव्हा कोणालाही लाज वाटत नाही. घरात आजारपण असेल, कर्ज असेल, मन खचले असेल, तर तोच हात शेजाऱ्यापुढे, आप्तापुढे, मित्रापुढे करण्यातही लाज मानू नये. आणि ज्यांच्या दारी कोणी विनाकारण येऊन, गोड बोलून, तसाच परत फिरू लागेल, त्यांनी त्याच्या मुद्रेकडे नीट पाहावे. त्याच्या ओठांत भाकरीचा शब्द अडलेला असेल. तो आपणच आधी उच्चारावा.